रॅम्पवरचा झगा आणि वेचणीचा शर्ट

माझी मावशी आसेगावात बायकांचे कपडे शिवते. आसेगाव म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं, मंगरुळपीर तालुक्यातलं. तिच्याकडे वर्षभर ब्लाऊज, परकर आणि फॉल-पिकोचं काम असतं, जूनमध्ये शाळेचे गणवेश येतात आणि लग्नसराईत तर बसायला जागा नसते. मी फॅशन डिझाइन शिकते. वेंडेल रॉड्रिक्स माझे सगळ्यात आवडते डिझायनर. त्यांचे रॅम्पवरचे पोशाख मी तासन् तास पाहू शकते, आणि तेवढा वेळ त्यात घालवण्यासारखं काय आहे, हे मावशीला पटत नाही. तिचे आक्षेप शिवणाऱ्या बाईचे आहेत, म्हणून ते उडवून लावण्यासारखे नाहीत. माझं प्रेमही उथळ नाही. दोन्ही बाजू वाचकांपुढे याव्यात म्हणून आमचं बोलणं इथे मांडते आहे. मी तिला फोनवर वेंडेलच्या एका पांढऱ्या झग्याचा फोटो दाखवला, तिथून ते सुरू झालं. मावशीचं बोलणं तिच्याच वऱ्हाडीत ठेवलं आहे.

मावशी : हा पांढरा झगा पाहाले चांगलाच हाये, मी नाई कुठं म्हनतो? पन मले सांग, हा घालून बाईनं कराचं काय? खाली बसता येत नाई, पान्याची गुंडी उचलता येत नाई. ज्या कपड्यात दिवसभर वावरता येत नाई, त्याले मी चांगला कपडा कसा म्हनू?

मी : मावशी, हाच प्रश्न वेंडेलना पडला होता, म्हणून तर ते मला आवडतात. ऐंशीच्या दशकातले आपल्याकडचे भारी कपडे आठव. जरी, भरतकाम, खड्यांचं काम, एकावर एक थर. बाई त्या कपड्याचं ओझं वाहायची. वेंडेल मूळ गोव्याच्या कुटुंबातले, जन्म मुंबईचा, 1960चा. हॉटेलचं शिक्षण घेतलं, मस्कतला नोकरी करून पैसे साठवले आणि त्या पैशांवर लॉस एंजेलिस आणि पॅरिसला जाऊन कपड्यांचं डिझाइन शिकले. 1989 साली मुंबईच्या ओबेरॉय हॉटेलात त्यांचे पोशाख पहिल्यांदा लोकांसमोर आले. हातात पैसे इतके कमी होते की सगळे जोडही पुरे करता आले नव्हते. पण त्या वेळी लोकांना जे दिसलं ते नवं होतं. कापड मोकळं होतं, रंग शांत होता आणि सजावट जवळजवळ नव्हती. पुढे त्यांना साधेपणाचा गुरू म्हणायला लागले ते त्यामुळेच.

मावशी : पैसे नव्हते म्हनून साधं शिवलं, त्यात काय मोठं? आपल्या इथं सगळेच साधं शिवतात.

मी : पैसे आले तरी त्यांनी साधंच शिवलं, हे मोठं. जिथे दहा शिलाया घालता येतात तिथे दोनच घालायच्या आणि तरी कपडा अंगावर नीट बसवायचा, याला हात लागतो. तूच म्हणतेस ना, झालरीखाली वाकडी शिलाई लपते, साध्या कपड्यात ती लपत नाही.

मावशी : ते खरं हाये. साध्या ब्लाऊजले सगळ्यात जास्त टाइम लागते. मुंढा जरासा हुकला का काखेत चुन्या पडतात, मंग त्याच्यावर कितीबी लेस लाव.

मी : आता या फोटोकडे त्या नजरेनं बघ. कमरेवर शिलाई नाही, छातीवर टक्स नाहीत, तरी कापड अंगाला धरून खाली येतंय आणि गुडघ्याच्या खाली मोकळं सुटतंय. हे कसं झालं असेल, सांग.

मावशी : (फोन डोळ्याजवळ नेऊन) उरेब कापलं हाये.

मी : उरेबच. उभ्या-आडव्या धाग्याला तिरपं धरून कापलं की कापडात आपोआप लवचीकपणा येतो. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने नावाच्या बाईनं या कापण्यावर सगळं काम उभारलं. त्याआधी युरोपातल्या बायका पोलादी पट्ट्यांचे घट्ट कंबरपट्टे घालून श्वास कोंडून चालायच्या. व्हियोनेनं कापडच असं कापलं की पट्ट्यांची गरज उरली नाही.

मावशी : उरेबमध्ये कापड लय जाते, बापा. अन् घेर कापला का लगेच पट्टी दुमडाची नाई. रातभर टांगून ठेवाचा. तो आपल्या वजनानं कुठं कमी, कुठं जास्त उतरते. मंग सकाळी खालून सारखा कापाचा अन् मंगच दुमडाचा. हे काल शिकलेल्या पोरींले ठाऊक नसते, म्हनून त्याइचे घेर दोन धुन्यात वाकडे होतात.

मी : वेंडेलच्या झग्यात मला जे दिसतं ते हेच. तो पांढरा कपडा चालताना किती हलका वाटतो! पण त्या हलकेपणामागे टांगलेली रात्र आहे, जास्तीचं कापड आहे, कापणाऱ्याचा संयम आहे. मला त्याचं कौतुक वाटतं. नाजूक दिसणारी वस्तू मजबूत हातांनीच होते.

मावशी : हात मजबूत असंल, मान्य. पन 'नाजूक' हेच बाईचं रूप, हे कोनी ठरवलं? या पोरी पाह्य, वाऱ्यानं उडतीन अशा. आपल्याकडं कापूस वेचनारी बाई वाऱ्यानं उडत नाई. ती बाई नाई का?

मी : हा आक्षेप मला सगळ्यात जास्त बोचतो. बायकी कपडा म्हणजे नाजूक बाईचा कपडा, असं मीही मानत नाही. माझ्या लेखी बायकी कपडा म्हणजे बाईच्या अंगाचा आणि हालचालीचा विचार करून केलेला कपडा. वेंडेलनी 2017 साली लॅक्मे फॅशन वीकमध्ये भरल्या अंगाच्या बायकांसाठी खास कपडे मांडले, आणि ते घालून चालणाऱ्या मॉडेलही भरल्या अंगाच्याच होत्या. कपडा अंग लपवण्यासाठी नसतो, हे त्यांना दाखवायचं होतं.

मावशी : एका साली दाखवलं. बाकीच्या सालांचं काय?

मी : बाकीच्या सालांचं उत्तर माझ्याकडे नाही. रॅम्पवर बहुतेक एकाच मापाच्या मुली चालतात, हे खरं आहे, आणि ते मला आवडत नाही. तुझ्या वहीत जेवढी मापं आहेत तेवढी मापं एखाद्या मोठ्या फॅशन वीकमध्येही दिसत नाहीत. छाती मोठी आणि खांदे लहान, एक खांदा उतरता, बाळंतपणानंतर बदललेली कंबर, सगळं तुझ्या वहीत आहे.

मावशी : म्हातारपनी पाठ वाकते, तवा ब्लाऊजची मागची उंची वाढवा लागते अन् पुढची कमी करा लागते. हे कोन्या पुस्तकात नाई.

मी : म्हणून तर तू मला गुरू वाटतेस. पण वेंडेलची एक गोष्ट सांगते, ती ऐकल्यावर मग म्हण, त्यांना कष्टाची बाई दिसत नव्हती का. तरुणपणी पॅरिसमध्ये काम दाखवायला गेले, तेव्हा त्यांना विचारण्यात आलं की या सगळ्यात तुझा देश कुठे आहे. तो प्रश्न त्यांनी मनावर घेतला. पुढे ते गोव्यात जाऊन कोलवाळ गावात जुन्या घरात राहिले आणि गोव्याचे लोक काय नेसत आले, याचा शोध घ्यायला लागले. त्यावर 2012 साली 'मोडा गोवा' नावाचं मोठं पुस्तक लिहिलं, आणि पुढे राहतं घर पोशाखांच्या संग्रहालयासाठी दिलं. या शोधात त्यांच्या हाती लागली कुणबी साडी.

मावशी : कुनबी साडी? ते काय असते?

मी : गोव्याच्या गावडा-कुणबी बायका शेतात काम करताना नेसायच्या ती. जाडसर सुती, लाल-पांढऱ्या चौकडीची. भाताच्या चिखलात उभं राहायचं म्हणून आखूड नेसायची आणि पदर खांद्यावर गाठ मारून पक्का करायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. वेंडेलना ती सापडली तेव्हा जवळजवळ विणली जात नव्हती. त्यांनी हातमागावर ती पुन्हा विणून घेतली, लांबी वाढवली, काठ-पदराची आखणी नव्यानं केली आणि ती रॅम्पवर आणली. मावशी, तू म्हणतेस ना की रॅम्पवरचा कपडा चिखलातल्या बाईला ओळखत नाही. हा कपडा तिच्याकडूनच आला होता.

मावशी : तिच्याकडून आला, पन परत तिच्याकडं गेला का?

मी : म्हणजे?

मावशी : चिखलातल्या बाईची साडी घेतली, शहरातल्या बाईले नेसवली. पैसे शहरातल्या बाईनं देल्ले. चिखलातली बाई तं तवाच पॉलिस्टरवर आली होती, कारन सुती साडी तिले परवडत नव्हती अन् वाळतबी नव्हती. तुह्या डिझायनरनं साडी वाचवली, ते बरं केलं. पन बाईचं काय झालं?

मी : काही विणकरांना काम मिळालं, गोव्यात त्या साडीची पुन्हा ओळख झाली, आज तरुण मुली ती अभिमानानं नेसतात. शेतातल्या बाईच्या अंगावर मात्र ती परत आली नाही. एवढं मी प्रामाणिकपणे म्हणू शकते.

मावशी : मंग आता माहं ऐक. दिवाळीनंतर वेचनीले जानाऱ्या बाया पाह्यल्या ना तू? सकाळी दव असते, पऱ्हाटी (कापसाचं रोप) ओली असते. बोंडाच्या वाळल्या पाकळ्या सुईसारख्या असतात, हात सोलून निघतात. म्हनून बाया साडीवर नवऱ्याचा नाई तं पोराचा जुना फुल बाह्याचा शर्ट घालतात. डोक्याले दुपट्टा बांधतात. कमरेले कापड बांधून ओटी करतात, त्याच्यात कापूस टाकतात. तो शर्ट कसा असते? खांदा कोपराच्या दिशेनं उतरलेला, मुंढा खाली, हात वर केला का अख्खा शर्ट वर येते. बाह्या लांब, मंग घडी मारा लागते, ती घडी पऱ्हाटीत अडकते. खिसा छातीवर, वाकलं का मोबाइल खाली. चार महिने बाया हा शर्ट घालतात. एवढ्या मोठ्या देशात एकाबी डिझायनरले वाटलं नाई का हिच्यासाठी एक शर्ट शिवावा?

(मला लगेच उत्तर सुचलं नाही. मावशीनं सांगितलं ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. आमच्या भागातल्या कापसासाठी इंग्रजांच्या काळात मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला रेल्वे टाकली गेली. तो कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत गेला, मुंबईच्या गिरण्यांमध्येही गेला. कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर मात्र आजही दुसऱ्याच्या मापाचा शर्ट आहे.)

मी : मावशी, तुझा मुद्दा मी मान्य करते. पण त्यातून तू काढतेस तो निष्कर्ष मला मान्य नाही. तुझं म्हणणं असं दिसतं की आधी कामाचा कपडा, सुंदर कपडा मग कधीतरी. मला वाटतं, कष्टाची बाई सौंदर्यासाठी थांबून राहत नाही. आपल्याच जिल्ह्यात पाहा. तांड्यावरच्या जुन्या बंजारा बायका.

मावशी : फेटिया-काचळीवाल्या.

मी : हो. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा देश चालायचे. रेल्वे आली आणि तो धंदा गेला, तेव्हा बायांच्या वाट्याला शेतमजुरी आली, रस्त्याची खडी आली. यांच्याइतकं चालणं आणि वाहणं क्वचितच कुणाच्या वाट्याला आलं असेल. आणि कपडे कसे घालायच्या? घेरदार फेटिया म्हणजे घागरा, पाठीवर दोरीनं बांधायची काचळी म्हणजे चोळी, डोक्यावरून टुकरी म्हणजे ओढणी, आणि त्यावर आरसे, कवड्या, नाणी, रंगीत दोऱ्याचे बारीक टाके. हा पोशाख कोणी फुरसतीच्या श्रीमंत बाईनं केलेला नाही. दिवसभर खपून रात्री चुलीच्या उजेडात बायांनी स्वतःसाठी केला. सौंदर्य ही पोट भरल्यानंतरची गोष्ट असती तर एकही काचळी शिवली गेली नसती.

मावशी : काचळीचं काम मी हातात घेऊन पाह्यलं हाये. मागच्या बाजूनबी टाका तेवढाच साफ असते. मले येत नाई तसं.

मी : मग?

मावशी : मंग हे की आता त्याइच्या सुना ते घालत नाईत. जड पडते, धुवाले त्रास, अन् तालुक्याच्या एसटीत बसलं का लोक पाहून हसतात. पोरीनं शाळेत घातलं का नाव ठेवतात. ज्या कपड्याले हसून हसून घरातून काढलं, तेच आरसे आता शहरातल्या भारी घागऱ्यावर आले. तवा कोनी हसत नाई, तवा त्याले फॅशन म्हनतात. ते आरसे पयलं ज्या म्हातारीनं लावले, तिचं नाव कोनी घेते का?

मी : पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024ला बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. निदान आपल्या जिल्ह्यात त्या वारशाला मानाची जागा मिळाली.

मावशी : संग्रहालय चांगलंच हाये. पन तिथं कपडा काचेच्या आत असते. म्हातारी तं भायेर हाये ना.

मी : ती बाहेर असलेली बाई आत यावी असं मानणारेही आहेत. वैशाली शडांगुळे यांचं नाव ऐकलंस? विदिशाच्या, आपलं नाव 'वैशाली एस' असं लावतात. तरुण वयात घर सोडून निघाल्या, मुंबईत लहानशा दुकानापासून सुरुवात केली. जुलै 2021मध्ये पॅरिसच्या हॉत कुत्यूर वीकमध्ये, म्हणजे हातानं बेतलेल्या भारी पोशाखांच्या सोहळ्यात, पोशाख मांडणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. त्या संग्रहाचं नाव होतं 'श्वास'. कापड सगळं हातमागाचं. त्यांनी कापडाच्या बारीक दोऱ्या वळून एकमेकींशेजारी अशा बसवल्या की झगा समुद्रातल्या प्रवाळासारखा अंगावर उमलतो. आणि तुझ्या रोजच्या कामातलं एक कापडही त्यांनी मोठ्या झग्यांपर्यंत नेलं, खण.

मावशी : खनाचा झगा? खनाचा पन्हा तं केवढासा! चोळीपुरताच विनतात तो.

मी : म्हणून तर कसब लागतं. गुळेदगुड्डच्या मागावर विणलेला तो अरुंद पन्हा, काठ दोन्हीकडे. कापताना काठ वाया घालवायचा नाही, आणि उंच झगा तर करायचा.

मावशी : खन कापताना मी चिंधीबी पडू देत नाई. बाह्यांले काठ, पाठीले काठ, उरलेल्या तुकड्याची गाठ. म्हातारी माय म्हनायची, खन म्हंजे ओटीत आलेलं कापड, त्याले कैची जपून लावाची. (थोडं थांबून) त्या बाईनं खनाचा झगा केला तं मले तो पाहाचा हाये. फोटोत नाई. हातात घेऊन, उलटा करून.

मी : उलटा कशाला?

मावशी : सुलटा कपडा सगळेच पाहतात. शिवनारीची लायकी उलट्या बाजूनं समजते. शिलाईत किती कापड सोडलं, अस्तर कुठं टाचलं, कच्चा धागा दाबला का नाई. तुह्या त्या रॅम्पवर पोरगी येते, फिरते, जाते. उलटी बाजू कोनालेच दिसत नाई. मंग तू कशावरून म्हनतं, तो मोठा कारागीर?

मी : हा प्रश्न मला शिक्षकांनीही कधी विचारला नाही. पण एक सांग, तू स्वतः रॅम्पवरून काही घेत नाहीस? लग्नसराईत बायका फोन घेऊन येतात, 'ताई, असाच गळा पाहिजे' म्हणतात. तो गळा येतो कुठून?

मावशी : सिनेमातून. सिरियलमधून. आता फोनमधून.

मी : आणि सिनेमात तो येतो डिझायनरकडून. भानू अथैया कोल्हापूरच्या. जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकल्या, मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं केली आणि मग सिनेमात गेल्या. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना 1983 साली ऑस्कर मिळालं, भारताला मिळालेलं ते पहिलं. त्याआधी, 1968च्या 'ब्रह्मचारी'मध्ये त्यांनी मुमताजला एक साडी शिवून दिली. शिवून! निऱ्या आधीच बसवलेल्या, बाजूला चेन. नाचताना साडी सुटू नये म्हणून. ती साडी देशभरातल्या शिंप्यांनी शिवली.

मावशी : आता ज्या तयार निऱ्यांच्या साड्या मी शिवून देतो, नोकरीवाल्या पोरींले, त्या तिच्यापासूनच आल्या म्हन ना.

मी : त्याच वाटेवरच्या. म्हणजे पडद्यावरच्या एका नटीसाठी केलेली गोष्ट आज सकाळच्या बसची घाई असलेल्या मास्तरीणबाईच्या कामी येते. सुंदर कपड्याचं मन भरून कौतुक करणाऱ्या बायका नसत्या, तर ती आसेगावात पोहोचलीच नसती. मावशी, तुझा धंदासुद्धा त्या कौतुकावर चालतो.

मावशी : हे मात्र तू बरोबर पकडलं. बाईले दुसरीच्या अंगावरचं आवडते, म्हनून ती माह्या दारात येते. आवडल्याबिगर कोनीच नवं शिवत नाई. पन फोटो आनला का माहं काम सुरू होते, संपत नाई. फोटोतली पोरगी वेगळी, समोरची वेगळी. तो गळा हिच्या खांद्यावरून घसरते. मले तो गळा हिच्यासाठी नव्यानं बेता लागते. त्या बेतन्याचे पैसे कोनी देत नाई, शिलाईचेच देतात.

मी : म्हणजे तूही डिझायनरच आहेस.

मावशी : ते नाव तू कोनाले देतं, त्याच्यावर हाये. बरं, मले हे सांग. खेळ संपल्यावर रॅम्पवर नमस्कार कराले कोन येते?

मी : डिझायनर.

मावशी : एकलाच?

मी : बहुतेक वेळा एकटाच. कधी मॉडेलचा हात धरून.

मावशी : कापनारा? शिवनारा? इननारा?

मी : ते पडद्यामागे असतात. मोठ्या डिझायनरकडे कापणाऱ्याला मास्टरजी म्हणतात. चित्रातला झगा कापडात उतरवण्याचं काम त्यांचं. पण मावशी, मी इथेही पूर्ण तुझ्या बाजूनं नाही. शंभर हात लागतात हे खरं, तरी काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं हे कोणीतरी एकानं ठरवावं लागतं. वेंडेलनी ठरवलं की भरतकाम नको, कापडाला बोलू दे. पुष्कळांना ते उघडं-बोडकं वाटलं असेल. त्या निर्णयाची जोखीम त्यांची होती. नमस्काराचा मान त्या निर्णयाला आहे.

मावशी : निर्नयाले मान देऊ. पन मास्टरजीले बाजूले उभं कराले काय जाते? निर्नय चुकला तं कापड मास्टरजीनंच वाचवलं असंल.

यावर मी नाही म्हणू शकले नाही. रॅम्पच्या टोकाला डिझायनरच्या शेजारी मास्टरजी आणि विणकर उभे राहिले, तर वेंडेलसारख्यांची उंची तसूभरही कमी होणार नाही. उलट पाहणाऱ्याला कळेल की जे आपल्याला आवडलं ते कशाकशातून झालं.

आमचं सगळ्याच गोष्टींवर एकमत झालं नाही. मावशी अजूनही कपडा आधी कामाला तोलते. मी अजूनही त्या पांढऱ्या झग्याकडे पाहते आणि मला आनंद होतो. तो आनंद मला कुठल्याही हिशेबात कमी करायचा नाही. वेंडेल 12 फेब्रुवारी 2020ला गेले. 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली होती. पण माझ्यासाठी त्यांचा खरा ठेवा त्यांची शिस्त आहे. अंगाला अडवणारं सगळं काढून टाकायचं, कापडाच्या वजनावर विश्वास ठेवायचा आणि बाईला तिच्या चालीनं चालू द्यायचं. ही शिस्त फक्त रॅम्पवरच्या झग्यापुरती असेल तर ती अपुरी आहे, हे मावशीनं मला दाखवलं. ती शिस्त पऱ्हाटीच्या ओळींमध्येही चालली पाहिजे.

म्हणून वर्षाच्या शेवटी करायच्या कामासाठी मी वेचणीचा शर्ट घेतला आहे. त्याचं कापड सुती आहे. मुंढा वर घेतला आहे आणि काखेत चौकोनी तुकडा घातला आहे, म्हणजे हात वर केला तरी शर्ट वर सरकणार नाही. बाही मनगटाशी अरुंद आहे, घडी मारायची गरज नाही. बोटांच्या मागचा भाग झाकेल इतकी ती पुढे येते, त्यामुळे बोंडाचं टोक लागणार नाही. खिसा छातीवरून काढून बाजूला नेला आहे. मापं मावशीच्या वहीतली आहेत, गावातल्या बायांची. पहिला शर्ट मावशीनं उलटा करूनच पाहिला आणि दोन ठिकाणी उसवायला लावला.

त्या शर्टाबद्दल मावशीची अट आहे की तो वेचणीवाल्या बाईला परवडला पाहिजे आणि तिनं तो स्वतःहून मागितला पाहिजे. मी तिची अट मान्य केली आहे. माझीही एक अट आहे आणि ती मी सोडणार नाही. तो घालून ती बाई सुंदर दिसली पाहिजे, आणि आपण सुंदर दिसतो आहोत हे तिचं तिला कळलं पाहिजे.